डिंक कुठून येतो

(वरूड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हाला आठवीला विज्ञान शिकवायचे. त्यांचा फोटो माझ्या मागे आहे, तेव्हा ओळख करून देत नाही. त्यांचा एक तास तेवढा सांगतो. सर अख्खा वर्ग घेऊन एका विहिरीवर गेले, पाच मुलांच्या हाती बादल्या दिल्या, एकाला आपले मनगटी घड्याळ दिले आणि म्हणाले, ही मोटर मिनिटाला किती पाणी फेकते ते मोजा. आम्ही निम्मे पाणी सांडवले. सर रागावले नाहीत. सांडलेले पाणी किती आणि ते कुठे मुरले, याचाही हिशेब त्यांनी वहीत मांडायला लावला. आजचे माझे बोलणे त्याच जातीचे आहे. मोटर आहे, पाण्याच्या जागी रक्त आहे आणि ते सांडते कुठे, हा प्रश्न आहे.

हृदयात पंप बसवलेल्या माणसांच्या आतड्यातून रक्त का जाते, हा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने भीत भीत विचारले, ‘साहेब, वरूडात असा पंप कोणाला बसला आहे?’ माझ्या माहितीत कोणालाच नाही. कोटीच्या घरातली ती वस्तू आहे. पण या विषयाची सुरुवात माझ्याच दवाखान्यात, माझ्याच एका चुकीतून झाली. म्हणून तिथूनच सांगतो.

बरीच वर्षे झाली. सत्तरीतले एक बागायतदार माझ्याकडे यायचे. ‘डाक्टर, चार पावलं चाललो का दम लागते. जीव निस्ता घाबरा होते.’ हिमोग्लोबिन पाहिले तर सात. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी नऊ झाले, मी खूश झालो. पुढच्या खेपेला पुन्हा सात. त्यांनी मला सांगितलेही होते, ‘शी कायी होऊन रायली.’ मी म्हटले, काकाजी, गोळीने होते तसे. आणि ते खरेही आहे, लोहाच्या गोळीने शौच काळे होते. पण गोळीचा काळा रंग वेगळा आणि पचलेल्या रक्ताचा वेगळा. रक्ताचा काळा डांबरासारखा असतो, चिकटतो, पाणी ओतले तरी भांड्याला राहतो आणि त्याला असा दर्प असतो, की एकदा नाकात गेला की पुढे दारातूनच ओळखू येतो. मी ना पाहिले, ना विचारले. सहा महिने गोळ्या लिहीत बसलो.

मग नागपूरला पाठवले. वरून दुर्बीण घातली, खालून घातली, काही सापडले नाही. रक्ताच्या दोन बाटल्या चढवून घरी पाठवले. तीन महिन्यांत पुन्हा तेच. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि नीट कान देऊन ऐकले. हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप वयोमानाने चुन्यासारखी कडक झाली होती. निरोगी माणसात ती तीन-चार चौरस सेंटिमीटर उघडते. यांची एकाच्याही आत आली होती. दम लागत होता तो रक्त कमी म्हणून आणि झडप तुंबली म्हणूनही. त्या झडपेचा खरखर आवाज सहा महिने माझ्या स्टेथोस्कोपच्या खाली होता.

झडप बदलली. आतड्याला कोणी हातही लावला नाही. आणि आतड्यातले रक्त थांबले.

हे त्यांना समजावून सांगताना माझी तारांबळ उडत होती. हृदयातली झडप आणि आतड्यातले रक्त यांचा संबंध तरी काय? ते मात्र शांतपणे म्हणाले, ‘डिंक्याच व्हय न हा. डिंक बुडावर दिसते, पण रोग पाण्यातून येते.’ तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी या रोगात संत्र्याची झाडे गमावली आहेत, तुम्हाला मी काय सांगू! बुंध्यातून डिंक ओघळतो, आपण खरडून बोर्डो पेस्ट लावतो. पण फायटोफ्थोरा पोसला जातो तो बुडाशी साचलेल्या ओलीवर. म्हणून तर दुहेरी आळे करा, खोडाला पाणी लागू देऊ नका, असे शास्त्रज्ञ घसा कोरडा करून सांगतात. काकाजींनी मला एका वाक्यात जे सांगितले, ते समजायला वैद्यकाला चाळीस-पन्नास वर्षे लागली.

१९५८ साली अमेरिकेतल्या एडवर्ड हाइड नावाच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटेसे पत्र लिहिले. महाधमनीची झडप अरुंद झालेले आपले दहा रुग्ण आतड्यातून रक्त जाऊन बेजार झाले आणि कारण सापडले नाही. हा अनुभव आणखी कोणाला आहे काय, एवढाच मजकूर. दहा रुग्ण आणि एक शंका. आमच्या धंद्यात असे पत्र लिहायला धाडस लागते, कारण उत्तर जवळ नसते. पुढे तीसेक वर्षे शल्यविशारद अशा रुग्णांचे आतडे कापत राहिले. एक तुकडा काढला, की रक्त दुसरीकडून यायचे. झडप बदलली, की थांबायचे. का, ते कोणाला कळत नव्हते.

उत्तराचा एक तुकडा त्याआधीच, भलत्याच ठिकाणी पडून होता. फिनलंडच्या ओलांद बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी १९२४ साली एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांकडे आणली गेली. ओठ फाटला तरी तिचे रक्त थांबत नसे. तिच्या काही बहिणी रक्त जाऊनच गेल्या होत्या. ही मुलगीही पुढे चौथ्या पाळीत गेली. १९२६ मध्ये डॉक्टरांनी त्या घराण्याचा रोग लिहून ठेवला. आज आपण ज्याला फॉन विलेब्रांड घटक म्हणतो, तो त्या घराण्यात कमी होता.

हा घटक काय करतो, ते वऱ्हाडात सांगणे सोपे आहे, कारण इथे लोकांना कापूस कळतो. रक्तात फिरणारा हा एक अतिशय लांब धागा आहे, एरवी बोंडातल्या कापसासारखा गुंडाळलेला. शीर फाटली, तिथे रक्ताचा ओढा जोरात घासू लागला, की तो उलगडतो, जखमेच्या काठाला एका टोकाने चिकटतो आणि वाहत्या रक्तातल्या बिंबिका पकडून ठेवतो. धागा जितका लांब तितकी पकड घट्ट. आखूड धागे कितीही असले तरी काम होत नाही. आता जिनिंगवाल्यांना विचारा: रुई ओढणारे यंत्र बेताबाहेर वेगाने पळवले तर काय होते? सरकी सुटते, पण तंतू तुटतात आणि व्यापारी लांबी पाहून भाव पाडतो. अरुंद झडपेत नेमके हेच घडते. रक्त एरवी सेकंदाला मीटरभर वेगाने निघते; तुंबलेल्या झडपेतून ते चार मीटर आणि त्याहून जास्त वेगाने फेकले जाते. त्या घासाघाशीत धागे उलगडतात, आणि उलगडलेला धागा कापायला रक्तातच एक पाचक द्रव्य तयार असते. ते एरवी उपकारक असते, नाहीतर सगळीकडे गुठळ्या झाल्या असत्या. इथे मात्र ते दिवसरात्र कात्री चालवते. लांब धागे संपतात. प्रयोगशाळेत घटकाचे प्रमाण मोजले तर पुरेसे भरते. लांबी मोजली तरच खोट कळते. हा संबंध १९९२ साली तर्काने मांडला गेला आणि २००३ मध्ये मोजून दाखवला गेला. झडप बदलल्यावर धागे थोड्याच दिवसांत पूर्ववत होतात.

आता पंपाकडे येतो.

हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकते. सरांच्या वहीत मांडायचे तर दिवसाला सात हजार लिटरच्या वर. पाण्याच्या मोठ्या टँकरचा ऐवज. हे हृदय थकले, की खरा उपाय म्हणजे दुसरे हृदय. आपल्या महाराष्ट्राने हा प्रयत्न फार लवकर केला. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८च्या फेब्रुवारीत हृदयरोपण केले, दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या रोपणानंतर अडीच-तीन महिन्यांतच. रुग्ण काही तासच जगला. मग मेंदूमृत्यूचा कायदा यायला १९९४ उजाडले, आणि २०१५च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आलेले हृदय मुलुंडला डॉ. अन्वय मुळे यांनी बसवले, तेव्हा मुंबईतला तो मधला मोठा खंड संपला. पण हृदय देणारे थोडे आणि वाट पाहणारे फार. मधली वाट म्हणून पंप आले. भारतात हे काम रुजवण्यात चेन्नईच्या डॉ. के. आर. बालकृष्णन यांचा मोठा वाटा आहे.

सुरुवातीचे पंप हृदयाची नक्कल करायचे: भरायचे, दाबायचे, ठोका द्यायचे. मोठे, आवाजी, आणि दीड-दोन वर्षांत झिजणारे. याला पर्याय कुठून सुचला ते तुम्हाला आवडेल. रिचर्ड वॅम्प्लर नावाचे अमेरिकन डॉक्टर १९७६ साली इजिप्तमधल्या एका खेड्यात वैद्यकीय सेवेला गेले होते. तिथे एक माणूस हाताने मळसूत्र फिरवून नदीचे पाणी शेतात चढवताना त्यांनी पाहिला. आर्किमिडीजचे स्क्रू म्हणतात ते. ठोका नाही, झडप नाही, नुसते फिरणे आणि अखंड धार. त्यावरून त्यांनी पेन्सिलीएवढा पंप बनवला आणि १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला तो माणसात वापरला गेला. पुढे आलेला हार्टमेट-२ याच कुळातला. टॉर्चच्या मोठ्या सेलएवढा, फिरणारा भाग एकच, मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फेरे. २००९ साली दोन्हींची तुलना छापून आली: जुन्या ठोक्याच्या पंपावर दोन वर्षांनी शंभरातले २४ जगले होते, यावर ५८. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी अशाच पंपावर वीसेक महिने जगले आणि मग २०१२ मध्ये त्यांना हृदय मिळाले.

ठोका ही निसर्गाने केलेली उधळपट्टी आहे, शरीराला फक्त धार हवी, असे तेव्हा अनेकांना वाटू लागले होते. मलाही वाटले असते. २००५ साली अशा अखंड धारेच्या पंपावरच्या तीन रुग्णांची हकीकत छापून आली: तिघांच्याही आतड्यातून रक्त. नंतर मोजणी वाढली. अखंड धारेच्या पंपावर हा त्रास जुन्या पंपांपेक्षा नऊ-दहा पट आढळला. पाचात एकाला तरी कधी ना कधी काळे शौच, रक्तपेढी, दुर्बीण. हाइडसाहेबांचीच गोष्ट होती, फक्त या वेळी अरुंद झडप आम्ही स्वतः, पैसे घेऊन, बसवली होती. पंपाच्या पात्यापाशी धागे तुटत होते. तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात लांब धागे कमी सापडले.

मग सगळ्यांनाच रक्त का जात नाही? कारण धागे तुटणे ही एक गोष्ट आणि फुटायला शीर लागते ही दुसरी. आतड्याच्या अस्तरात काही ठिकाणी बारीक, ठिसूळ, वेड्यावाकड्या शिरांची जाळी तयार होतात. वयाने होतात, आणि नाडीचा ठोका मंदावला की जास्त होतात, असे दिसते. त्यात गंमत अशी, की नव्या शिरांना आवर घालण्याचे कामही हाच फॉन विलेब्रांड घटक करतो. तो कमी झाला, की तण माजते आणि तण फुटले तर बांध घालायलाही तोच नसतो. वर आम्ही देतो रक्त पातळ करायच्या गोळ्या, नाहीतर पंपात गुठळी होऊन मोटर जाम. एकीकडे विहीर, एकीकडे आड.

असा एक माणूस मी जवळून पाहिला. चेन्नईला एका अभ्यासवर्गाला गेलो होतो. तिथल्या परिचारिका म्हणाल्या, तुमच्या भाषेतला एक रुग्ण आहे, जरा बोला त्याच्याशी. विदर्भातलेच निघाले; पंप बसवून दोन वर्षे झाली होती, आणि काळ्या शौचासाठी तिसऱ्यांदा भरती होते. मी सवयीने मनगट धरले. नाडी नाही. तीस वर्षांच्या धंद्यात माझ्या बोटांना नाडी सापडली नाही की त्याचा एकच अर्थ होता, आणि समोर तो माणूस उठून बसून मला विचारत होता, ‘वरुडात औंदा संत्र्याले काय भाव हाय?’ छातीला स्टेथोस्कोप लावला. लब-डब नव्हते. बागेत रात्री दूर कुठे सबमर्सिबल चालू असावी तसा एकसुरी घुमारा. पोटाच्या बाजूने एक वायर बाहेर येऊन कमरेच्या डबीला जोडलेली, आणि दोन्ही काखांत दोन बॅटऱ्या. पूर्ण चार्ज असल्या तर दिवस निघतो. लागणारी वीज एखाद्या लहान एलईडी दिव्याची, पण ती एक मिनिटही जाऊन चालत नाही. गावी लाइन गेली की काय करता, असे मी विचारले. बायको म्हणाल्या, ‘लाइन आली का गेली, हे मी झोपेतही ओळखते.’

त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले, जुलाब झाले किंवा आतून रक्त गेले, की हृदयाच्या कप्प्यात भरायला रक्तच उरत नाही. पंप मात्र ओढतच राहतो, कप्प्याची भिंत तोंडाशी ओढून घेतो आणि डबी कोकलू लागते. हे ऐकून मला हसू आले, कारण वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात हे समजवावे लागत नाही. बोअर उतरली की मोटर हवा ओढते. भूजलाच्या नकाशावर आपला तालुका अतिशोषित म्हणून रंगवला आहे, तो अशाच ओढण्याने. पंपाचे डॉक्टर अशा वेळी काय करतात? फेरे कमी करतात. वेग जरा उतरवला, की मूळच्या हृदयाला थोडे काम उरते, झडप अधूनमधून उघडते, नाडीला किंचित ठोका येतो. आपण मात्र बोअर उतरली की आणखी दोनशे फूट खाली जातो. असो, तो आजचा विषय नाही.

बाकीचे उपाय थोडक्यात सांगतो, कारण ते मनासारखे नाहीत. दुर्बिणीतून शीर डागतात. आतड्याचा मधला भाग दूर असल्याने गोळीएवढा कॅमेरा गिळायला देतात. महिन्याला ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन देतात. काही ठिकाणी डिजॉक्सिन वापरून पाहतात. हृदयाचे ते जुने औषध नव्या शिरांचा माज कमी करते, असा काहींचा अनुभव आहे. रक्त चढवतात, पण त्यालाही मर्यादा आहे. परक्याचे रक्त वारंवार चढले, की शरीर परक्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवते आणि उद्या मिळणारे हृदय जुळायला अवघड होते. म्हणजे आजचा जीव वाचवताना उद्याची संधी थोडी थोडी खर्च होते.

खरा फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे पंपच बदलला. हार्टमेट-३ मधले चक्र चुंबकाने अधांतरी तोललेले असते, रक्ताला वाट रुंद असते, फेरे निम्म्याच्या जवळ येतात, आणि दर दोन सेकंदांनी वेग मुद्दाम खालीवर करून खोटा ठोका दिला जातो. १,०२८ रुग्णांवरच्या चाचणीत, २०१९ मध्ये, यावर पंपातल्या गुठळ्या, पक्षाघात आणि आतड्यातले रक्त हे तिन्ही कमी दिसले. धागे अजूनही तुटतात, पण कमी.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली, कारण ती आमच्या सवयीबद्दल आहे. अखंड धारेच्या पंपावरच्या जवळजवळ प्रत्येकाला रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनच्या जोडीला ॲस्पिरिन दिले जायचे. कोणी ठरवले, कशावरून, हे विचारायची गरज वाटली नाही. आधीचे देत होते म्हणून पुढचे देत होते. शेवटी नऊ देशांतल्या ५१ केंद्रांत हार्टमेट-३ बसवलेल्या ६२८ जणांना घेऊन निम्म्यांना ॲस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. २०२३च्या नोव्हेंबरात निकाल आला. ॲस्पिरिन नसलेल्यांत रक्तस्राव सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला, गुठळ्या वाढल्या नाहीत. कोटीच्या पंपात सुधारणा करायला लोकांनी वर्षे घातली, आणि पैशा-दोन पैशांची एक गोळी बंद करून पाहायला त्याहून जास्त वर्षे लागली. मी सहा महिने लोहाच्या गोळ्या लिहीत होतो, ते मला त्या दिवशी पुन्हा आठवले.

इथल्या माझ्या तरुण व्यवसायबंधूंना एवढेच सांगतो, की पंप तुमच्या टेबलावर येईल तेव्हा येईल. साठीच्या पुढचा, दम लागणारा, रक्त वारंवार उतरणारा माणूस मात्र उद्या सकाळीच येईल. त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावा, आणि गोळी सुरू करण्याआधी शौचाचा रंग विचारा, नंतर ओळखणे अवघड जाते.

चेन्नईत भेटलेल्या त्या जोडप्याकडे एक शाळेची वही होती. बाईंनी पट्टीने रेघा मारून रकाने पाडले होते. तारीख, वजन, रक्त किती पातळ त्याचा आकडा, पंपाचे फेरे. आणि शेवटचा रकाना, वर फक्त ‘रंग’ लिहिलेला. त्याखाली ‘पिवळा’, ‘पिवळा’, ‘पिवळा’, मग एके दिवशी ‘काळा’ आणि त्यावर लाल पेनाने गोल. भरती व्हायच्या आदल्या रात्रीचा. डॉक्टरांच्या कुठल्याही तपासणीआधी ते त्या वहीत सापडले होते. मी त्यांना विचारले, हे कोणी शिकवले? त्या म्हणाल्या, ‘कोणी नाही. दुधाची वही अशीच ठेवते मी.’